कोपऱ्यातलं साल

लोर्ना थिबोडो नव्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. अर्ज उघडला की निबंध वाचायचा नाही. गुण बघायचे नाहीत. शिफारसपत्राला तर हातही लावायचा नाही. आधी शाळेचं माहितीपत्रक काढायचं आणि त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातलं साल बघायचं.

"साल कशाला?" नवा माणूस विचारायचा.

"मुलाच्या ताटात शाळेनं काय वाढलं होतं ते कळल्याशिवाय त्यानं काय टाकलं हे कसं सांगशील तू? आणि ताट यंदाचंच आहे ना, ते आधी बघ."

एल्डरब्रुक कॉलेजच्या प्रवेश कचेरीत तिला सव्वीस वर्षं झाली होती. व्हरमाँटमधल्या एका टेकडीवरचं हे लहानसं कॉलेज. जागा साडेचारशे, अर्ज नऊ हजार. ती इथं आली ती टपाल फोडायला. तेव्हा अर्ज पाकिटांतून यायचे आणि जानेवारीत पोती भरायची. ती पाकिटं फोडायची, कागद लावायची आणि लावता लावता वाचायची. एका शरद ऋतूत एक अधिकारी आजारी पडला, म्हणून तिला माहितीपुस्तकांची खोकी देऊन मेन राज्यात पाठवलं. परत आली ती नऊ शाळांवरची वीस पानं घेऊन. कुठल्या शाळेत रसायनशास्त्र कोण शिकवतं, कुठल्या शाळेची बस दीड तास घेते, कुठल्या मुख्याध्यापकाला काहीच माहीत नसतं आणि झाडूवाल्याला सगळं माहीत असतं. तेव्हाच्या अधिष्ठात्यांनी ती पानं एका बैठकीत वाचली आणि म्हणाले, "मेन आजपासून तुझं."

या कचेरीत राज्यं अशीच वाटून घेतलेली असतात. ज्याचं राज्य, त्यानं तिथल्या शाळा ओळखायच्या, तिथल्या मुलांचे अर्ज वाचायचे आणि समितीपुढं त्यांच्या वतीनं बोलायचं. लोर्नाकडे बत्तीस शाळा होत्या. त्या तिला पाठ होत्या.

ती स्वतः मेनच्या पार उत्तरेची. तिकडं शाळा ऑगस्टमध्येच उघडतात आणि सप्टेंबरच्या मध्यावर तीन आठवडे बंद होतात, कारण पोरं बटाटे काढायला जातात. लोर्नाही गेली होती. यंत्राच्या पट्ट्यावरून बटाटे सरकत येतात, त्यातले दगड आणि सडके बटाटे वेचून बाजूला टाकायचे. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. तिची पदवी आठ वर्षं संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मिळालेली. एल्डरब्रुकसारख्या कॉलेजात शिकणं तिच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि म्हणूनच त्या मुलखातल्या मुलांशी ती कडक वागायची. दुसऱ्या कुणाला जिथं सहापैकी चार दिले असते तिथं ती तीन द्यायची. आपल्या मुलखाची म्हणून झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको. तसं कधी कुणी म्हटलं नव्हतं.

मार्चमध्ये समिती बसते. लांब टेबल, भिंतीवर पडदा, सात माणसं. ज्याची फाईल तो दोन मिनिटं बोलतो. गुण, अभ्यासक्रमाचा कस, निबंध, माणूस कसा आहे. कस म्हणजे शाळेत जे अवघडात अवघड मिळत होतं त्यातलं मुलानं किती घेतलं. मग हात वर होतात. चार हात आले की होकार. नाही आले की पुढचं नाव. शेवटच्या आठवड्यातला मंगळवार परतीचा. त्या दिवशी प्रत्येकाला नाकारलेल्यांतली एक फाईल पुन्हा टेबलावर आणता येते. फक्त एक. हा नियम कुठं लिहिलेला नाही. तो लोर्ना सांभाळायची. आदल्या वर्षी कॅलिफोर्नियाचे अर्ज वाचणाऱ्या टोबायस रेंटेरियानं आपली एक फाईल आणून झाल्यावर फ्रेझ्नोच्या एका मुलीची दुसरी आणू द्या म्हटलं होतं. पोरगा तिशीतला, हळवा. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. लोर्ना म्हणाली होती, "एक म्हणजे एक, टोबायस. रडायचं असेल तर बाहेर जा, कॉफी घेऊन ये, सगळ्यांना आण." त्यानं खरंच सगळ्यांना कॉफी आणली होती. त्या मुलीचं नाव मात्र पुन्हा निघालं नाही.

यंदाच्या मंगळवारी सकाळी लोर्नानं आपली एक फाईल आणली. पोर्टलंडचा एक मुलगा. पाच हात मिळाले. तिचं काम संपलं.

दुपारी वाटाण्याचं सूप घेऊन ती टेबलाशी आली आणि आलेले कागद लावत बसली. त्यात मेनच्या पार उत्तरेकडच्या सेंट रेमी गावच्या शाळेचा एक कागद होता. डेलिया मिशो नावाच्या मुलीचे सहामाहीचे गुण. फेब्रुवारीत यायला हवा तो कागद मार्चमध्ये आला होता. समितीनं डेलियाला गेल्या गुरुवारीच नाकारलं होतं. सातांत एकच हात वर आला होता, भूगर्भशास्त्राच्या हॉल्बर्ग सरांचा. खुद्द लोर्नानं हात वर केला नव्हता. कागद फक्त फाईलला लावून टाकायचा होता.

तिनं लावता लावता वाचला. सगळे विषय उत्तम. गणिताच्या रकान्यात सामान्य गणित आणि शंभरपैकी शंभर. लोर्नाला राग आला. या शाळेत कॅल्क्युलस आहे. ती स्वतः चार वर्षांपूर्वी त्या वर्गात मागच्या बाकावर बसली होती. एवढी हुशार पोरगी, आणि सोपा विषय घेऊन शंभर मिळवते.

कागद उशिरा आला म्हणून झापायला तिनं शाळेत फोन लावला. तिथले समुपदेशक आर्लन सीर. सहावीपासून बारावीपर्यंतच्या सगळ्या मुलांना एकटा माणूस.

"काय हो सीर, महिनाभर उशीर? कागद बटाट्यांच्या ट्रकमधून पाठवलात की काय?"

"अहो बाई, कागद पाठवायचं यंत्र बंद पडलं होतं. आणि मी सध्या सात नंबरची बस चालवतोय. ड्रायव्हर कंबर धरून घरी पडलाय."

"समुपदेशक बस चालवतो?"

"व्यायामाचे मास्तर स्वयंपाकघर बघतात. तुम्ही आमच्याच बाजूच्या ना? मग विचारता कशाला?"

लोर्ना हसली. मग म्हणाली, "ती तुमची डेलिया मिशो. एवढी चांगली पोरगी, तिनं कॅल्क्युलस का नाही घेतलं? डोक्याला ताप नको म्हणून?"



"कुठलं कॅल्क्युलस?"

"पेल्टिए सरांचं. तुमच्या पत्रकात आहे की."

"पेल्टिए सरांनी नोकरी सोडून तीन वर्षं झाली, बाई. ओहायोला लेकीकडे राहायला गेले."

"मग शिकवतं कोण?"

"कोणी नाही. सामान्य गणित मी घेतो, बस लावून आलो की. त्याच्या वरचं मला येत नाही."

लोर्नानं चमचा खाली ठेवला. "मग पत्रकात ठेवलंत कशाला ते?"

"जाहिरात दरवर्षी देतो ना. दरवर्षी वाटतं, यंदा कुणीतरी येईल. पत्रकातून नाव काढलं की वर्ग कायमचा गेला असं होईल. गावाला बरं वाटत नाही."

"अहो, शिफारसपत्रात तरी लिहायचं! तीन ओळी लिहिल्यात तुम्ही. तीन! मेहनती आहे, तक्रार करत नाही, शब्दाला पक्की आहे. संपलं!"

"मग? तक्रार करत नाही असं लिहायचं आणि खाली मीच तक्रार करायची? आमच्याकडे कोणी कागदावर रडत नाही. तुम्हाला ठाऊक आहे ते."

तिला ठाऊक होतं. तिच्या वडिलांची दोन बोटं यंत्रात गेली, तेव्हा त्यांनी भरपाईच्या अर्जात 'किरकोळ इजा' असं लिहिलं होतं.

"तिच्या प्रवेशाचं काही जमण्यासारखं आहे का, बाई?" सीरनं विचारलं. आवाज मुद्दाम साधा ठेवलेला.

"ते मला सांगता येत नाही," लोर्ना म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तिनं फाईल उघडली. माहितीपत्रक काढलं. वरच्या उजव्या कोपऱ्यात साल होतं. चार वर्षांपूर्वीचं.

 सूप गार झालं. मग तिनं डेलियाचा निबंध काढला.

शाळेच्या कपाटात सापडलेल्या कॅल्क्युलसच्या एका जुन्या पुस्तकाबद्दल तो होता. बस सुटेपर्यंत एक तास मिळतो. त्या तासात मुलगी शाळेच्या बसच्या गॅरेजमध्ये बसून पुस्तक सोडवते. सहा प्रकरणं होतात. सातव्या प्रकरणातलं चौदावं उदाहरण सुटत नाही. अकरा आठवडे सुटत नाही. बटाट्यांच्या पट्ट्यावर दगड वेचताना ती त्याचाच विचार करते. कुठली रीत कुठं फसली, ते तिनं एकेक करून लिहिलं होतं. शेवट असा होता: 'अजून सुटलेलं नाही. पण कुठल्या वाटा बंद आहेत ते आता मला माहीत आहे.' पेल्टिए सर शाळा सोडून गेल्याचं तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. गावात ते सगळ्यांना माहीत होतं.

निबंधाखाली लोर्नाची टीप होती. जानेवारीतली. 'शाळेत वर्ग असताना एकटीनं का? शिकवून घ्यायची तयारी दिसत नाही. कस: सहापैकी दोन.'

अधिष्ठाता वेंडेल ऑस्ट्रँडर सँडविच खात होता. लोर्नानं दार लोटलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. "वाईट झालं. पण मतदान झालंय. तुझी परतीची फाईलही सकाळी झाली."

"माहीत आहे."

"पोर्टलंडच्या मुलाला काढ, हिला घाल. हात वर कोण करणार नाही?"

"नाही. चूक मी केली. भरपाई त्यानं का करायची?"

"मग जागा कुठून आणू?"

"वेंडेल, उगाच नको. साडेचारशे यावेत म्हणून आपण साडेबाराशेंना हो म्हणतो. किती येतील हा सगळा अंदाज आहे. एकानं काही बुडत नाही."

"एकानं नाही बुडत." त्यानं सँडविच खाली ठेवलं. "हा नियम तू सांभाळलास, लोर्ना. मी नाही. तूच मोडलास तर पुढच्या वर्षी जो तो दुसरी फाईल घेऊन येईल. तेव्हा काय सांगू त्यांना?"

"तीन वाजता सगळे बसतायत. मला पाच मिनिटं दे. नाही म्हणायचं असेल तर तिथं म्हण. इथं नको."

तीन वाजता ती टेबलाशी उभी राहिली. एरवी सगळे बसूनच बोलतात. "सेंट रेमी," ती म्हणाली. "डेलिया मिशो. मला ही फाईल पुन्हा हवी आहे."

"दुसरी फाईल?" टोबायस म्हणाला. "या खोलीत? कुणीतरी खिडकी उघडा रे. मला चक्कर येतेय."

दोघं हसले. लोर्ना हसली नाही.

"बोलून घे, टोबायस. तुझा हक्क आहे."

"मला काही बोलायचं नाही. एवढंच विचारतो, फ्रेझ्नोच्या पोरीच्या वेळी मी कॉफी आणली होती. आज कोण आणणार?"

"तुझी पोरगी आपण नीट वाचली होती," लोर्ना म्हणाली. "तू चांगला बोललास, आम्ही ऐकलं, आणि हात आले नाहीत. ते तुझ्या मनाला लागलं, पण चूक कुणाची नव्हती. डेलिया मिशो या खोलीत आलीच नाही. मी तुम्हाला दुसऱ्याच कुठल्यातरी मुलीबद्दल सांगितलं. सोपं बघून विषय घेणाऱ्या. तशी मुलगी नाहीच मुळी."

तिनं माहितीपत्रक पडद्यावर लावलं आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. सगळ्यांनी साल वाचलं. मग तिनं त्याच्याशेजारी स्वतःची टीप लावली. ती मोठ्यानं वाचली. पुरी वाचली. 'शिकवून घ्यायची तयारी दिसत नाही' हेही.  

"त्या शाळेत शिकवायला कोणी नाही. जे होतं ते सगळं तिनं घेतलं. जे नव्हतं ते कपाटातून काढलं. कस सहापैकी सहा. दोन मी दिले होते, कारण मला वाटलं, मला ती शाळा माहीत आहे."

हॉल्बर्ग सरांनी चष्मा काढला. "सातव्या प्रकरणात अडकली म्हणालात ना? मीही तिथंच अडकलो होतो. मला मास्तर होते. तरी पंधरा दिवस लागले."

वेंडेलनं सगळ्यांकडं पाहिलं. "हात घ्यायचे का?"

"माझा धरू नका," लोर्ना म्हणाली. "या फाईलवर मी हात वर करणार नाही."

"मग सहांतले चार लागतील."

"लागू देत."

"थांबा," टोबायस म्हणाला. आता तो चेष्टा करत नव्हता. "आणि बाकीचं मेन?"

लोर्नानं त्याच्याकडं पाहिलं.

"तेही पाठच आहे ना तुला? बत्तीसच्या बत्तीस. यंदा किती पत्रकांवरचं साल बघितलंस?"

 सव्वीस वर्षांत या बाईला कुणी असं विचारलं नव्हतं.

"आठवत नाही," लोर्ना म्हणाली. "म्हणजे बघितलं नसणार."

"मग ही एकटी कशी? हिचा कागद उशिरा आला म्हणून तू फोन केलास. ज्यांचे वेळेवर आले त्यांचं काय?"

"बरोबर आहे तुझं." ती वेंडेलकडं वळली. "होकारांचा आकडा कधी बंद करतोस?"

"उद्या दुपारी बाराला. गुरुवारी पत्रं जातात."

"मेनच्या शाळा अडीचला सुटतात. आज कुणी भेटणार नाही. उद्या साडेसातला उघडतील. बाराच्या आत एकतीस शाळा करते. फरक पडला असेल ती फाईल आणीन. नसेल पडला तर आणणार नाही."

"आणि डेलिया मिशो?" वेंडेलनं विचारलं. "हात."

हॉल्बर्ग सरांचा हात आधीच वर होता. मग न्यूयॉर्कचे अर्ज बघणाऱ्या प्रिसिला डनचा. मग बराच वेळ कुणाचाच नाही. वेंडेलनं पेन्सिल टेबलावर टेकवली आणि स्वतःचा हात उचलला. तीन झाले. टोबायस पडद्यावरच्या टिपेकडं बघत होता.

"रागावलोय मी अजून," तो म्हणाला. "सांगून ठेवतो."

"ठेव."

त्यानं हात वर केला.

बुधवारी सकाळी सातला लोर्ना कचेरीत आली. बाहेर चिखल झाला होता, वितळलेल्या बर्फाचा. तिनं बूट दाराशी काढले आणि मोजे घालूनच टेबलाशी बसली. एकतीस पत्रकं काढली. सत्तावीस यंदाची किंवा गेल्या वर्षीची होती. गेल्या वर्षीच्यांनाही फोन करायचा, असं तिनं ठरवलं. नंतर ठरवलं, सगळ्यांनाच करायचा.

साडेसातला टोबायस आला. हातात दोन कॉफी.

"अर्ध्या शाळा मला दे."

"तुला मेनचं काय कळतं?"

"काहीच नाही."

लोर्नानं त्याच्याकडं बघितलं आणि सोळा पत्रकं त्याच्यापुढं सरकवली. "तेच बरं. तू विचारशील."

तिनं विचारायला सुरुवात केली. तिला सवय नव्हती. तिची सवय म्हणजे शाळेतल्या कारकून मोईराच्या दम्याची चौकशी करायची, गावचा पूल झाला का विचारायचं, आणि शाळेबद्दल आपणच सांगायचं. आता ती म्हणत होती, "मला काहीच माहीत नाही असं समजा आणि पहिल्यापासून सांगा. बारावीला गणित कोण शिकवतं? विज्ञान? गेल्या सप्टेंबरपासून काय बंद झालं?" एक बाई म्हणाल्या, "लोर्ना, बरी आहेस ना गं तू?" दुसरीनं विचारलं, "ही परीक्षा बिरीक्षा आहे का आमची?" टोबायस पलीकडं चारचारदा गावांची नावं चुकत होता आणि लोकं त्याला खूश होऊन दुरुस्त करत होती.

साडेदहाला एकतीस शाळा झाल्या. चार पत्रकं खोटी ठरली. कुठं फ्रेंच बंद झालं होतं, कुठं भौतिकशास्त्र एक वर्षाआड शिकवत होते. त्या चार शाळांतून सहा अर्ज होते. लोर्नानं सहाही पहिल्यापासून वाचले. चारांत काही बदललं नाही. दोन तिनं उचलले.

बाराला दहा कमी असताना समिती उभ्या उभ्याच जमली. पहिला एका मासेमाराचा मुलगा, बेटावरचा. लोर्ना दोन मिनिटं बोलली, पान बघून, पाठ असल्यासारखी नाही. पाच हात.

दुसरी मुलगी समुद्रापासून आत, लाकडाच्या गिरणीच्या गावातली. तिच्याबद्दलही लोर्ना दोनच मिनिटं बोलली. भौतिकशास्त्र तिला मिळालं नव्हतं, ते खरं. पण शाळेत अवघड इंग्रजी मिळत असताना तिनं सोपं घेतलं होतं, तेही खरं. लोर्नानं दोन्ही सांगितलं. मग स्वतःचा हात वर केला. तिचा धरून तीनच हात आले. त्यात टोबायसचा होता.

वेंडेल थांबला. लोर्ना आणखी काही बोलेल म्हणून सगळेच थांबले. घड्याळात अजून तीन मिनिटं होती.

"नाही," ती म्हणाली. "तिचं सगळं सांगून झालं. लिही नकार."

वेंडेलनं लिहिलं आणि आकडा बंद केला. लोर्ना तिन्ही फाईली घेऊन आपल्या टेबलाशी गेली. दोन होकारांची पत्रं तिनं बाजूला ठेवली. नकाराचं पत्र समोर घेतलं, ते नीट लिहायचं होतं म्हणून.